पाणी सुटलं का, रशीदभाई?

बसा ताई, हितं पंख्याखाली बसा, अन् आधी पाणी घ्या. कोणतं देऊ ते सांगा. आमच्या घरात तीन पाणी हायेत, माठात नळाचं हाय, भिंतीवर फिल्टरचं मशीन हाय, अन् कोपऱ्यात तो इकतच्या पाण्याचा निळा जार हाय, ज्याला जे सोसंल त्यानं ते प्यावं. हसू नका. एक काळ आसा व्हता की ह्या घरात जार दिसला आसता तर मी भरल्या ताटावरून उठलो आसतो, अन् आता मीच पाहुण्याला विचारून राहिलो कोणतं देऊ म्हणून. ही माझी मंडळी, जुलेखा, तिकडं तोंडाला पदर लावून हसून राहिली बघा. तिला सगळं मालूम हाय.

माझं नाव रशीद. आमचं खानदानच पाण्याचं. माझे अब्बा ह्या लातुरात पखाल वाहायचे. पखाल म्हंजी कातड्याची मोठी थैली, आडावर भरायची, पाठीवर घ्यायची, अन् तिचं तोंड हातात दाबून धरायचं, हात ढिला सोडला की पाणी. लग्नाला, उरुसाला, मशिदीच्या हौदाला, बाजारातल्या दुकानाम्होरं धूळ बसवायला, सगळीकडं अब्बांची पखाल. काही घरं पखालीचं पाणी अंगणात मारायला घ्यायची, प्यायला न्हाई घ्यायची, अब्बांना त्याचं काही वाटायचं न्हाई, म्हणायचे ज्याची त्याची समज. घरात आम्ही दखनी बोलतो ताई, तुमच्यासाठी मराठीत सांगून राहिलो, पण अब्बांचं एक बोलणं त्यांच्याच बोलीत सांगाय पायजे, पानी कू ना नक्को बोल बेटा. पाणी मागणाऱ्याला न्हाई म्हणू नको, लई सवाबाचं, पुण्याचं काम हाय म्हणायचे. अब्बांची पाठ शेवटपर्यंत ओली राहिली, खोकला गेला न्हाई, पण हे बोलणं बी गेलं न्हाई.

मग नळ आले, पखाल गेली, अन् अब्बांनी वशिला लावून मला नळाच्याच कामाला चिकटवलं. रोजंदारीवर. काम काय, तर पाणी सोडायचं. रस्त्यात लोखंडी झाकण आसतं बघा, त्याच्या खाली खड्डा, खड्ड्यात व्हॉल्व, अन् माझ्याजवळ छातीएवढी लांब लोखंडी चावी. ती लावायची अन् दोन्ही हातांनी फिरवायची. एक गल्ली बंद करायची, दुसरी सोडायची. चावी सायकलीच्या दांडीला बांधायचो, ती खणाखणा वाजायची, अन् बाया दारात येऊन विचारायच्या, पाणी सुटलं का रशीदभाई? मी म्हणायचो सुटलं. झालं, एवढीच माझी नोकरी. पण काय सांगू तुम्हाला, कलेक्टरला बी एवढे लोक वाट बघून विचारत नसतील.

कामाला नवीनच लागलो व्हतो अन् भूकंप झाला. गणपती बोळवून लोक झोपले अन् पहाटं जमीन हालली. आमच्याकडं मांडणीवरची भांडी पडली, भिंतीला चिरा गेल्या, पण तिकडं किल्लारीच्या बाजूला गावंच्या गावं बसली. मला टँकरवर पाठवलं. तिथलं सगळं न्हाई सांगत, ते सांगायचं बी न्हाई अन् ऐकायचं बी न्हाई, एकच सांगतो. तिथं मी पहिल्यांदा बंद बाटलीतलं पाणी पाहिलं, लांबून कुठून कुठून खोके आलते, भल्या लोकांनी पाठवलेले. एक म्हातारी दगडाच्या ढिगाजवळ बसलेली. वाटप करणाऱ्या एका गुरुजींनी तिला बाटली उघडून हातात दिली. तिनं बाटली इकडून बघितली, तिकडून बघितली, अन् विचारलं, हे कुणाच्या हिरीचं हाय? गुरुजी म्हणले, आजी, कंपनीचं हाय, चांगलं हाय. ती म्हणली, कंपनीची हीर कुठं हाय? अन् बाटली बाजूला ठिवली.

बघा ना, तिच्या गावात पाण्याला नाव आसंल, ही पाटलाची हीर, हा देवळाचा आड, तिचं सगळं बुजून गेलतं. मी टँकरमधून तांब्या भरून नेला. मला बी तेच विचारलं. मी म्हणलं, लातूरच्या नळाचं हाय आजी, मी सोडतो ते. तू सोडतोस? म्हणलं हाव. मग दे, म्हणली, अन् आख्खा तांब्या घटाघटा प्याली. कागदावर मी कायम लई वर्षांनी झालो ताई, पण मनातून त्या दिवशीच कायम झालो. तिथून माझ्या डोक्यात बसलं की पाणी कुणाच्या तरी हातचं पायजे. ज्या पाण्याचा माणूस मालूम न्हाई ते पाणी कसं प्यायचं?

पुढं लग्न झालं. जुलेखा रेणापूरची. तिच्या माहेरी दाराम्होरं हापसा, कवा बी जा अन् हापसा, तिला वाटलं नवरा पाणी सोडणारा म्हणल्यावर सासरी पाण्याची चंगळ. हितं आली तर आमची गल्ली लाइनच्या शेपटाला. आधी सगळ्या गावाला, मग शेवटी आम्हाला, ते बी आठ-दहा दिवसांनी एकदा. ती सगळ्यांम्होरं म्हणायची, लोकांच्या घरी पाणी येतं तवा नवरा घागरी भरू लागतो, माझ्या घरी पाणी येतं तवा नवरा रस्त्यातल्या खड्ड्यात आसतो. अन् मी आपल्या गल्लीला कधी जास्तीचं पाणी सोडलं न्हाई, त्याच्यावरून तर आमचं कितीदा वाजलं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, आसं रेणापूरच्या पाहुण्यांत बी सांगून आली ती. आता बी म्हणती, न्हाई का गं?

आता तुम्हाला आमच्याकडची एक रीत सांगतो, तिच्याशिवाय पुढचं कळणार न्हाई. आठ-दहा दिवस ड्रममध्ये ठिवलेलं पाणी आमच्याकडं शिळं म्हणत्यात. भाकर शिळी होती तसं पाणी शिळं. नवीन पाणी यायच्या आधी शिळं पाणी काढायचं, अंगण धुवायचं, कपडे भिजवायचे, न्हाई तर सरळ ओतून द्यायचं, ड्रम कलते करून तळ घासायचे, माठ धुवायचे, उपडे ठिवायचे, अन् मग ताजं भरायचं. दुष्काळात रेल्वेनं पाणी आलं ह्या लातुरात, तरी ही रीत काही गेली न्हाई. पण ओतायचं कवा? लवकर ओतलं अन् नळ आलाच न्हाई तर? म्हणून आमच्या गल्लीचा नेम आसा, की मी टाकी भरलेली बघायचो, चावी सायकलीला बांधायचो, अन् जुलेखाला फोन करायचो, सोडायला निघालो. ती दारात येऊन एकच हाळी द्यायची, ओता गं बायांनो. अन् आख्खी गल्ली ओतायची. माझ्या एका शब्दावर. मोरीतून धो धो पाणी नालीला लागायचं. कुणी कधी एक घागर मागं ठिवली न्हाई.

मग गावात क्लासचं वारं आलं. देगलूर, अहमदपूर, नांदेड, कुठून कुठून लेकरं डॉक्टर व्हायला लातुरात यायला लागली, अन् ज्याच्या घरावर एक खोली जास्तीची त्यानं बाहेर पाटी लावली, मुलींसाठी रूम. आमची एकुलती पोरगी नांदेडला दिली, वरची खोली मोकळीच व्हती, जुलेखा म्हणली आपण बी लावू. देगलूरची एक पोरगी आली, स्वप्नाली नाव. तिच्या बापाचं तिकडं आडत दुकान. माय तिची बोलता बोलता मध्येच तेलुगू बोलायची, पाण्याला नीळ्ळु म्हणायची. खोली बघितली, खिडकी बघितली, अन् पहिलंच विचारलं, फिल्टर हाय ना? मी म्हणलं, फिल्टर कशाला, नळाचं हाय, मी स्वतः सोडतो. ती माय माझ्याकडं बघतच राहिली. जुलेखानं तिला हाताला धरून आत नेलं, आत काय बोलल्या खुदा जाणे, बाहेर आल्या तवा खोली ठरली व्हती.

त्या फिल्टरवरून घरात लई रामायण झालं. जुलेखा म्हणायची, सगळ्या रूमवाल्यांनी बसवलंय, आपण बी बसवू. मी म्हणलं, त्या मशीनची बाजूची नळी बघितली का, एक तांब्या पाणी देतं अन् दोन तांबे मोरीत सोडतं, दहा दिवसाला पाणी येणाऱ्या गावात हे पाप न्हाई का? ती काय कमी, म्हणली, मशीननं ओतलं तर पाप, अन् तुम्ही फोन केला की आख्खी गल्ली ओतती ते पुण्य? मी नुसतं म्हणलं, ते येगळं हाय. मग जार म्हणली. जारचं नाव काढल्यावर तर माझं डोकंच फिरलं. म्हणलं, पखालीवाल्याच्या घरात इकतचं पाणी? ज्या घरातला माणूस गावाला पाणी सोडतो त्याच घरात टेंपोतून पाणी उतरलं तर लोक काय म्हणतील, रशीदभाईला आपल्याच पाण्याचा भरवसा न्हाई. माझ्या जिंदगीचा सवाल हाय, म्हणलं, ह्या घरात नळाचंच पाणी. ती गप झाली. ती गप झाली तवाच मला कळाय पायजे व्हतं ताई, ती कधी गप होत न्हाई.

पोरगी लई गुणाची. मला चाचा म्हणायची, हिला चाची. संध्याकाळी मी घरी आलो की खाली येऊन माठातलं पाणी तांब्याभर घ्यायची, माझ्याम्होरं प्यायची अन् म्हणायची, चाचा, तुमचं पाणी गोड हाय. मी जुलेखाकडं बघायचो, बघ म्हणलं, देगलूरच्या पोरीला कळतं अन् रेणापूरच्या बाईला कळत न्हाई. जुलेखा मान खाली घालून भाकरी थापायची.

तर आता तो दिवस. पोरीची परीक्षा दुसऱ्या दिवशी, उन्हाळा आसा की कावळा बी सावली सोडंना. गल्लीची बारी व्हती. मी टाकी बघितली, काठोकाठ भरलेली. चावी बांधली, फोन केला, सोडायला निघालो. तिकडं हिनं हाळी दिली, तिकडं गल्लीनं ओतलं. मी सायकल मारत व्हॉल्वपशी आलो तर म्होरच्या चौकात रस्ता खोदायचं मशीन, अन् मशीनच्या बाजूला कारंजं. मेन लाइन फुटलेली. दहा दिवसांचं पाणी रस्त्यावरून नालीला चाललेलं, माणसं चपला हातात घेऊन पलीकडं जात व्हती. मी चावी टाकून पळत वर टाकीवर जाऊन बंद केलं, पण तोवर टाकी निम्म्याच्या खाली, अन् लाइन जोडायला दोन-तीन दिवस तरी लागणार म्हणले.

घराकडं सायकल हातात धरून चालत आलो. गल्लीत शिरलो तर प्रत्येक दाराम्होरं ड्रम उपडे, माठ उपडे, घागरी पालथ्या, घासून लख्ख केलेल्या. बाया पाइप हातात धरून उभ्या. कुणीतरी विचारलं, पाणी सुटलं का रशीदभाई? मी म्हणलं, लाइन फुटली. कुणी शिवी दिली न्हाई. शिवी दिली आसती तर बरं झालं आसतं ताई. एवढी वर्षं माझा शब्द खाली पडला नव्हता, अन् पडला तो आसा, की लोकांच्या घरात घोटभर बी पाणी ठिवलं न्हाई.

घरात आलो. माठ उपडा. स्वप्नाली पुस्तक घेऊन जिन्यात बसलेली. माझ्या डोक्यात एकच, लोकांचं पोटचं लेकरू आपल्या भरवशावर आपल्या घरात हाय, उद्या परीक्षा हाय, अन् पखालीवाल्याच्या घरात ती तहानलेली झोपणार. मी जुलेखाला म्हणलं, मी जार आणून येतो. बोललो, अन् माझ्याच तोंडाला ते कडू लागलं. चप्पल घालाय वाकलो तर डोळ्यात पाणी आलं, एवढंच काय ते पाणी त्या दिवशी घरात आलं.

जुलेखा म्हणली, बसा. पदर खोचला, आतल्या खोलीत गेली, पलंगाखाली वाकली, अन् गोधडीत गुंडाळलेलं काहीतरी ओढून काढलं. गोधडी सोडली. निळा जार. भरलेला. मी म्हणलं, हे कवापासून? ती म्हणली, पोरगी आली तवापासून. तिला आल्या आल्या जुलाब लागलते, नळाचं सोसंना, तिच्या मायला मी कबूल केलतं. पोरगी जिन्यातून उठून आली, रडाय लागली, म्हणली, चाचा, माफ करा, चाची म्हणल्या त्यांच्याम्होरं घोटभर घेत जा, त्यांना बरं वाटतं. म्हंजी ती रोज माझ्यासाठी तांब्या तोंडाला लावायची, एक घोट घ्यायची, बाकीचं कुंडीतल्या झाडाला. मला राग यायला पायजे व्हता ताई. मी तोंड उघडलं अन् मला हसूच आलं. हसू बी आलं अन् रडू बी आलं, पोरगी घाबरली, तिला वाटलं चाचांना काय झालं.

एवढ्यात दारात शेजारची कमलबाई. हातात जार. म्हणली, रशीदभाई, पोरीची परीक्षा हाय, आमच्यातला घ्या. तिच्या मागं पलीकडची, तिच्या बी कडेवर जार. म्हणलं, हे काय चाललंय? तर काय सांगू तुम्हाला, गल्लीत घरोघरी जार व्हते. कुणी कणगीमागं लपवलेला, कुणी बाजेखाली, एकानं तर न्हाणीत धुण्याखाली झाकलेला. टेंपो यायचा ते मी टाकीवर आसताना. अन् माझ्या चावीचा खणखणाट आला की सगळे आत पळायचे, जार झाका म्हणून. मला इतकी वर्षं वाटायचं माझा आवाज ऐकून लोक बाहेर येत्यात. ते आधी आत जाऊन मग बाहेर यायचे! मी म्हणलं, आरं लोकहो, का? कमलबाई म्हणली, तुम्हाला वाईट वाटलं आसतं ना.

आता सांगा, काय बोलायचं ह्याच्यावर? बसलो तिथंच उंबऱ्यात. जुलेखानं जारमधला पेला भरून माझ्या हातात दिला, म्हणली प्या. मला ती किल्लारीकडची म्हातारी आठवली. मी पेला इकडून बघितला, तिकडून बघितला. चवीला काहीच न्हाई त्याला, गोड न्हाई, खारट न्हाई. पण देणारा हात जुलेखाचा व्हता. त्या म्हातारीनं बी पाणी कुठं बघितलं व्हतं, तिनं तू सोडतोस का एवढंच विचारलं व्हतं. मी प्यालो.

स्वप्नाली परीक्षेला गेली. डॉक्टर न्हाई झाली, नंबर न्हाई लागला, पण फार्मसीला गेली, आता देगलूरला तिचं स्वतःचं मेडिकल हाय, ईदला फोन करती. ती गेल्यावर मीच जाऊन ते फिल्टरचं मशीन आणलं. त्याच्या नळीखाली बादली ठिवली, त्या पाण्यानं फरशी पुसती ही. तेवढा माझा हट्ट राहिलाय, राहू द्या.

पण खरी गोष्ट त्याच्या आधीची हाय. लाइन जोडली, अन् गल्लीची पुढची बारी आली. टाकी भरली, मी चावी बांधली, फोन हातात घेतला, अन् बोटच चालंना. कोणत्या तोंडानं सांगू, ओता म्हणून? शेवटी लावला. म्हणलं, जुलेखा, सोडायला निघालो, पण ह्या बारीला थोडं मागं ठिव, दोन घागरी तरी, अन् बायांना बी सांग. ती म्हणली, का? म्हणलं, काय भरवसा. फोन चालूच ठिवला तिनं. मला तिकडून हाळी ऐकू आली, ओता गं बायांनो, अन् मग ड्रम कलता केल्याचा आवाज, धबाधबा पाणी मोरीत, अन् मग तळ घासल्याचा. मग फोनवर आली, म्हणली, ओतलं सगळं, या आता सोडून. अन् म्हणली, बाहेर जाऊन बघितलं, कुणीच मागं ठिवलं न्हाई.

त्या दिवशी मी चावी लावली अन् दोन्ही हातांनी फिरवली ताई. पाणी सुटलं. पाइपात आधी हवा येती, फुसफुस करती, मग पाणी येतं. पाण्याचा आवाज ऐकला अन् मगच मी खड्ड्यावर झाकण लावलं.

आता मी रिटायर झालो. चावी दुसऱ्याकडं गेली, चांगला माणूस हाय, येळेवर फोन करतो, सोडायला निघालो म्हणतो. पण ही बाई फोन ठिवती, ड्रमला हात लावून उभी राहती, अन् माझ्याकडं बघती. मी ओत म्हणलं की मगच ओतती. मला काय मालूम आसतं आता, ना टाकी बघितली ना काही, तरी म्हणतो, ओत. अन् ती ओतती. अल्ला तिला माझ्यापेक्षा जास्त हयात देवो, अन् तुमचं बी भलं करो. घ्या, पाणी घ्या. कोणतं देऊ सांगितलंच न्हाई तुम्ही.